दोन ब्रेकांची आक्का

आमच्या ड्रायव्हिंगच्या सरांइतका गाडीवर विश्वास असलेला आणि रस्त्यावर काडीचाही विश्वास नसलेला माणूस साऱ्या बेंगळुरात शोधून सापडायचा नाही. त्यांच्या मते गाडी हा मुळात समंजस, घरंदाज प्राणी. तिला बिघडवलं रस्त्यांनी, आणि रस्त्यांना बिघडवलं ते वेळेवर पोचायच्या माणसाच्या खुळ्या हौसेनं. मारतहळ्ळीसारख्या ठिकाणी, जिथं सकाळी आठपासून अख्खं जग कुठंतरी उशिरा पोचत असतं, तिथं या मताचा माणूस बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवत होता, हे आता सांगताना माझं मलाच खरं वाटत नाही. स्कूल म्हणजे काय, तर झेरॉक्सच्या दुकानाबाहेर टांगलेली एक पाटी, पाटीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर सर, आणि सरांसमोर ताकाच्या रंगाची एक छोटी गाडी. पूर्वी ती पांढरी होती असं सर सांगत. तिला ते आक्का म्हणत. कुणी गिअर टाकताना खरर्र आवाज केला की सर कळवळायचे. "हळू की हो! आक्काला चिमटा काढलासा."

आक्काला शिकवायच्या गाडीला असतो तसा डाव्या बाजूलाही एक ब्रेक होता. दोन्हीकडचे ब्रेक खालून एका लोखंडी दांडीनं जोडलेले. इकडचा दाबला की तिकडचा खाली जायचा आणि तिकडचा दाबला की इकडचा. त्यामुळे अगदी ऐन वेळी गाडी थांबली की शिकणाऱ्याला वाटायचं, वा, काय झटकन पाय पडला आपला! सर या समजुतीला कधी धक्का लावत नसत. उलट मान डोलावून म्हणत, "छान दाबलासा." पुढं आपापल्या गाड्या घेतल्यावर आम्हा सगळ्यांना एकेकदा तरी घाम फुटला, आणि तेव्हा कुठं कळलं की आपण फारसे कधी काही दाबलंच नव्हतं.

सर मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि गाडीत दोन्ही. 'क्लच स्वल्प सोडा' म्हणजे थोडासाच सोडा, 'निधान' म्हणजे सावकाश, आणि 'सरी' म्हणजे झालं, बरोबर, पुढं चला, आता बोलू नका, यांपैकी काहीही. उंच, किडकिडीत, घोट्यापर्यंत इस्त्रीची पँट आणि खाली कायम पॉलिश केलेले काळे बूट. त्यांची आणखी एक खोड म्हणजे बोलता बोलता ते मध्येच कुठंतरी निघून जात. माणूस बाजूच्या सीटवर असे, पण डोळे समोरच्या झाडाच्या शेंड्यावर, नाहीतर एखाद्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साडीवर. "आता डावीकडं..." असं म्हणून ते थांबायचे. आपण डावीकडं काय, कधी, कशाला याची वाट बघत सरळ जात राहायचो. चांगली चार-पाच मिनिटं जायची. मग एक निःश्वास सोडून सर वाक्य पुरं करायचे, "...वळायला पाहिजे होतं." आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या एका जोशीबुवांना त्यांनी असं केआर पुरमच्या पुलापर्यंत नेलं होतं. जोशीबुवांचा तो तिसराच दिवस. पण त्या दिवसापासून जोशीबुवांची भीती मोडली ती कायमची.

माणसाची पारख ते क्लचवरून करत. आमच्याच ओळखीच्या एका बाईंनी मुलीसाठी एक स्थळ पाहिलं होतं. मुलगा मोठ्या कंपनीत, दिसायला राजबिंडा, सगळं जमत आलेलं. मुलगा सरांकडे शिकला होता असं कळल्यावर बाई सहज चौकशीला गेल्या. सरांनी उठून त्यांना आपली खुर्ची दिली. मग म्हणाले, "मुलगा गुणी हाय. पण क्लच पुरा सोडत न्हाई. पाय अर्ध्यावरच ठेवतो. गाडी पुढं बी जात न्हाई, मागं बी येत न्हाई." बाई हसण्यावारी नेऊन घरी आल्या. पुढं त्या मुलानं साखरपुडा दोनदा पुढं ढकलला आणि शेवटी विचार करायला अजून वेळ मागितला. तेव्हापासून लग्नाळू मुलांच्या आयांत सरांचं वजन फार वाढलं. सरांना मात्र याचं वाईटच वाटे. "शिकवायला कमी पडलो हो मी," म्हणायचे.

मी त्यांच्याकडं गेले ती अडतिसाव्या वर्षी. नवऱ्याच्या नोकरीमागून नागपूरहून इथं आले त्याला तोवर पाच वर्षं झाली होती आणि त्या पाच वर्षांत मी एकटी घराबाहेर पडले असेन ती फक्त रिक्षावाल्यांशी हिंदीत भांडायला. पहिल्या दिवशी सकाळी सहाला सरांनी मला स्टिअरिंगसमोर बसवलं. ब्रेक, क्लच, गिअर काही सांगितलं नाही. आधी विचारलं, "गाव कुठलं?"

"नागपूर."

सरांनी डोळे मिटून हिशेब केला. "लांब हाय. चोवीस दिवस लागतील."

मला वाटलं, कोर्स चोवीस दिवसांचा. पण मी गाडी सुरू करून, हिसके देत, कशीबशी आमच्या लेआउटच्या, म्हणजे कॉलनीच्या, दुसऱ्या गल्लीच्या टोकाला नेली तेव्हा सर गंभीरपणे म्हणाले, "हे देवनहळ्ळी आलं. आज एवढंच."

कसं ते मग हळूहळू कळलं. ज्याचं गाव जिथं, तिथपर्यंतचा रस्ता सर त्याला आमच्याच लेआउटच्या गल्ल्यांतून रोज थोडा थोडा नेत. तळ्यामागं एक मोकळी जागा होती, दोन चढ होते, पाच-सहा स्पीडब्रेकर होते. त्यांतच त्यांनी सगळ्या घाटांची आणि नद्यांची सोय लावली होती. सर स्वतः यांतल्या बहुतेक गावांना गेलेले नव्हते. त्यांची माहिती आधीच्या विद्यार्थ्यांकडून आलेली. सोलापूरवाल्यानं सांगितलेला ढाबा, पुण्याच्या बाईंनी सांगितलेला घाट, आदिलाबादकडच्या एका कॉन्ट्रॅक्टरनं सांगितलेलं सागाचं जंगल. मला कुठं काय आहे ते ठाऊक असे आणि सरांना कुठं थांबायचं ते. पहाटेचं धुकं गल्लीत उतरलेलं असायचं, दूधवाल्यांच्या स्कूटरी आणि फिरायला निघालेली म्हातारी माणसं धुक्यातून एकदम उगवायची, आणि सर शेजारून हलक्या आवाजात सांगत असायचे, "कर्नूल आलं. तुंगभद्रेचं पाणी कमी झालंय. दुसरा गिअर." शपथेवर सांगते, मला पाण्याचा वास यायचा.

विसाव्या की एकविसाव्या दिवशी शहाळ्यांच्या गाडीपाशी एक मोठा स्पीडब्रेकर आला. सर म्हणाले, "ही पैनगंगा. सावकाश." आक्काची पुढची चाकं चढली, उतरली, मागची चढली, उतरली. "सरी. आता पाट्या मराठीत." मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. सरांनी खाली उतरून शहाळेवाल्याकडून एक शहाळं फोडून आणलं आणि स्वतःच पिऊन टाकलं. मग म्हणाले, "तुम्हाला पाहिजे होतं व्हय?"

लायसन्स मिळालं, पुढं आमची गाडीही आली, पण सरांची शिकवणी पुरती सुटली नाही. दर वर्षी संक्रांत झाली की एका रविवारी मी तिळगुळाचा डबा घेऊन त्यांच्याकडं जायची आणि आक्कावर एक फेरी मारायची. याला सर 'सर्व्हिसिंग' म्हणत. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांची इयत्ता वरची, म्हणून आम्हाला ते हेब्बाळला नेत. हेब्बाळच्या उड्डाणपुलांच्या जाळ्यात शिरलेला माणूस हव्या त्या फाट्यानं खाली उतरला तर त्याला जगात कुठंही सोडायला हरकत नाही, असं त्यांचं मत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना तिथलं तळं बघायचं असे. थंडीत तिथं पेलिकन येतात. आम्ही परीक्षा देत असायचो आणि परीक्षक पाण्याकडं बघत असायचे.

यंदाच्या जानेवारीतही तसेच निघालो. गेल्या वर्षी माझी आई गेली. नागपूरच्या घराला भाऊ कुलूप लावून आला. घरात ठेवायचं काय नि टाकायचं काय हे आम्ही फोनवरच ठरवलं. यातलं सरांना मी काही सांगितलं नव्हतं. फक्त तिळगुळाचा डबा दिला. रिंग रोडच्या कडेची टॅबेबुयाची झाडं फुलली होती. रस्त्यावर गुलाबी सडा, वर गुलाबी धुकं, आणि त्यातून ताकाच्या रंगाची आक्का तीसच्या वेगानं चाललेली. रस्ता रविवारचा, रिकामा. तळ्याच्या कडेच्या सर्व्हिस रोडला लागलो तेव्हा साडेसात वाजले असतील. धुकं तिथं जास्तच दाट होतं. सर डावीकडं पाण्याकडं बघत होते. मी समोर बघत होते. तेवढ्यात धुक्यातून वर एक मोठी हिरवी पाटी आली. त्यावर हैदराबादकडं जायचा बाण. नागपूरचा रस्ता इथूनच सुरू होतो, इतकी वर्षं मला ते माहीत होतं. त्या दिवशी मात्र ती पाटी वाचताना एकदम लक्षात आलं, की आता त्या रस्त्याच्या शेवटी कुणी नाही.

आक्का थांबली. भर रस्त्यात, समोर काही नसताना, जागच्या जागी. ब्रेक माझ्या पायाखाली खाली गेलेला मला कळला. आणि पुढच्याच क्षणी मागून असा दणका बसला की आक्का उचलली जाऊन कडेच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर जाऊन आदळली.

आम्हाला दोघांनाही काही झालं नाही. पट्टे लावलेले होते. ते लावल्याशिवाय सर किल्लीला हात लावू देत नसत. त्यांचा चष्मा फक्त कुठंतरी उडाला. आक्काची मागची बाजू मात्र मागच्या सीटपर्यंत आत आली होती आणि तोंड ठोकळ्याला मिठी मारल्यासारखं वाकलं होतं. मागच्या भल्यामोठ्या काळ्या गाडीतून एक तितकेच मोठे गृहस्थ तावातावानं उतरले. "पागल हो क्या? बीच रोड में कोई ब्रेक मारता है?"

सर दार उघडून हळूच बाहेर आले. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस धड दिसत नव्हता. त्यांनी मान तिरकी करून तो आवाज ऐकला. मग म्हणाले, "पुणे?"

गृहस्थ थबकले.

"खंबाटकीत तीनदा बंद पाडली होती गाडी," सर म्हणाले. "चौथ्यांदा चढवलीसा."

"सर?" त्या गृहस्थांचा आवाज एकदम चौथीतल्या मुलासारखा झाला. आधी त्यांनी सरांकडं पाहिलं, मग आक्काकडं. तिला ओळखल्यावर ते मटकन ठोकळ्यावर बसले.

"पुढच्या गाडीचं काय दिसलं पाहिजे?" सरांनी विचारलं.

"मागची चाकं, सर."

"चाकं कुठं टेकलेली?"

"रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत." आणि तो एवढा मोठा माणूस, कुठल्याशा कंपनीत शंभर माणसं हाताखाली असलेला, रस्त्याच्या कडेला बसून ओक्साबोक्शी रडायला लागला. मीही रडत होते. "सर, ब्रेक मी दाबला. समोर काही नव्हतं. मी उगाच दाबला," मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. पुणेकर म्हणत होते, चूक माझी, मी फोनकडं बघत होतो. सर मात्र रस्त्यावरच्या गुलाबी फुलांत चष्मा शोधत होते. तो सापडला तेव्हा त्यांनी तो पुसला, डोळ्यांवर चढवला, आक्काला एकदा पुढून आणि एकदा मागून बघून घेतलं, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ब्रेक मी दाबला. पेलिकन बघत होतो. एक उतरला पाण्यावर, आणि पाय आपोआप पडला."

बावीस वर्षांत आक्काला ओरखडासुद्धा उठला नव्हता. एवढ्या एका गोष्टीचा त्या माणसाला अभिमान होता, आणि तो त्यांनी असा रस्त्यावर ठेवून दिला.

गॅरेजवाल्यानं आक्काला वर उचलून खालून पाहिलं आणि मान हलवली. पत्रा ठोकता येतो, पण हिचा सांगाडाच वाकलाय. सरळ केला तरी ती पुन्हा सरळ चालायची नाही. विम्याच्या माणसानंही तेच सांगितलं. पुणेकर रोज फोन करून नवी गाडी घेऊन देतो म्हणत होते. सरांचं उत्तर ठरलेलं, "मला गाडी नको. तुम्ही अंतर ठेवा."

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं उघडलं आणि मला आत न घेता दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "रोज पाचला उठतात. दाढी करतात, बूट घालतात. मग या खुर्चीत बसून राहतात आठपर्यंत. बरं, रागावलेत म्हणावं तर तसं बी न्हाई. काल मला म्हणाले, चहा छान झालाय. चहा दिलाच नव्हता मी अजून."

आत सर खरंच बूट घालून बसले होते. मला बघून त्यांना आनंद झाला. पाटी उतरवली म्हणाले. झेरॉक्सवाल्याला जागा मोकळी करून दिली. मी म्हटलं, दुसरी गाडी घ्या, तुम्हाला कुणीही देईल. त्यांनी मान हलवली.

"गाडीचं न्हाई हो. ज्याचा पाय आपोआप पडतो त्यानं लोकांची लेकरंबाळं शेजारी बसवू नयेत."

"पण सर, ब्रेक मी दाबला होता."

"तुम्ही घाबरलासा म्हणून तसं वाटतंय. सोडा तो विषय. तिळगूळ चांगला होता."

घरी येताना मला कळेना. त्यांनी खरंच दाबला होता का? की मी रडत होते म्हणून त्यांनी ते स्वतःवर घेतलं, आणि आता त्या घेतलेल्या गोष्टीची शिक्षाही स्वतःच भोगत बसले आहेत? तसं असेल तर आक्का मी घालवली आणि सरांचं शिकवणंही मीच घालवलं. रात्रंदिवस तेवढंच डोक्यात. पायाला आठवतं का म्हणून मी घरी आमच्या बंद गाडीत बसून पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून पाहिला. पाय काही सांगेना.

फेब्रुवारीत आक्काला होसकोटेला न्यायचं ठरलं. तिथं गावाबाहेर कारखान्यांच्या रांगेमागं जुन्या गाड्या मोडीत घेणाऱ्याचं आवार आहे. एका शनिवारी सकाळी तिला ट्रकवर चढवलं आणि मागं पुणेकरांच्या काळ्या गाडीत आम्ही. पुणेकर चालवायला, सर त्यांच्या डावीकडं, मी मागं. असला प्रवास मी जन्मात केला नाही. पुणेकर घामानं डबडबले होते. वेग पस्तीस. पुढच्या ट्रकपासून अंतर एवढं की मध्ये लग्नाची वरात मावली असती, आणि मावल्याही रिक्षा, टेंपो, एकदा तर आख्खी बस. प्रत्येक वेळी कुणी मध्ये घुसलं की पुणेकर आणखी मागं राहत आणि सर म्हणत, "सरी."  ऊन कोवळं होतं, शेताडीचे उरलेसुरले तुकडे मागं जात होते, आणि लांबवर, ट्रकच्या पाठीवर, मोडलेली आक्का आमच्याकडं तोंड करून बसलेली. ती आम्हालाच सोडायला निघाली आहे असं वाटत होतं.

आवारात शेकडो गाड्या रांगेत लावलेल्या. ट्रकवाल्यानं आक्काला फाटकापाशी उतरवलं आणि सांगितलं की शेवटच्या रांगेत दोन गाड्यांच्या मधे एक जागा आहे, तिथंवर ढकलत न्यावी लागेल. कुणीतरी आत बसून स्टिअरिंग धरा. सर सवयीनं डाव्या दाराकडं गेले आणि ते खेचून उघडून आत बसले. मी उजवीकडं बसले. मागून पुणेकर आणि आवारातले तिघे ढकलायला लागले. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही. चाकांखाली वाळलेलं गवत तेवढं करकरत होतं. दोन्ही बाजूंनी काचा नसलेल्या, दिवे नसलेल्या गाड्या सावकाश मागं सरकत होत्या. असं स्वप्नात चालतात गाड्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, आज तुमच्या गावाला जाऊ या का? निपाणीला?"

सर हसले. "नको. आज होसकोट्यालाच आलोय. जिथं आलोय तिथं बघत जावं माणसानं. डावीकडं स्वल्प."

मी डावीकडं वळवलं. मग तीच गोष्ट पुन्हा बोलले, कारण ती बोलल्याशिवाय मला त्या गाडीतून उतरता आलं नसतं. आई गेल्याचं सांगितलं. बंद घराचं सांगितलं. धुक्यातल्या पाटीचं सांगितलं. "ती वाचली आणि माझा पाय पडला, सर. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. आणि आता शिकवणं सोडून बसलात."

सर बराच वेळ समोर बघत होते. मला वाटलं गेले पुन्हा कुठंतरी. मागून पुणेकर धापा टाकत होते.

"पाटी मी बी बघितली होती," सर म्हणाले. "दर वर्षी ती आली की तुमचं तोंड बघतो मी. या वर्षी बघितलं आणि वाटलं, बाईंचं काहीतरी झालंय. मग पेलिकन उतरला. मग गाडी थांबली." ते खाली वाकले आणि हातानं त्यांनी आपल्याकडचा ब्रेक हळूच दाबला. माझ्याकडचा खाली गेला. सोडला, वर आला. "आता यातलं कुणी दाबलं हे तुम्हाला सांगता येतंय व्हय? मला तर येत न्हाई. खरंच येत न्हाई. दोघांचे पाय एकदमच पडले असतील. त्याच्यासाठीच तर जोडलेत."

"मग शिकवणं का सोडलंत?"

"कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं न्हवं, की माझी चूक. तुम्ही दोघं रडायला लागलासा. मी उरलो होतो." मग एकदम सावध होऊन, "बघा, बघा, जागा आली! उलटी लावायची. पुढं घ्या. आता पुरं उजवीकडं. आरशात बघा."

आरसा फुटलेला होता, तरी मी त्यात बघितलं. ढकलणाऱ्यांना पुढं, मागं, पुन्हा पुढं असं तीनदा करायला लागलं. आवारातला एकजण कन्नडमध्ये म्हणाला की अण्णा, उद्या कापायचीच आहे, तिरकी राहिली तर बिघडलं काय? सर खिडकीतून डोकं काढून म्हणाले, तिरकी न्हाई ठेवायची. चौथ्यांदा आक्का दोन्ही गाड्यांच्या बरोबर मधे, सरळ, दोन्हीकडं सारखं अंतर ठेवून उभी राहिली. असली सुरेख गाडी मी त्याआधी आणि त्यानंतरही कधी लावली नाही.

"न्यूट्रल करा. हँडब्रेक ओढा." मी ओढला.  सरांनी डॅशबोर्डवरून तळहात फिरवला, धूळ पुसल्यासारखा. म्हणाले, "आक्का, बस आता." मग माझ्याकडं न बघता, "मागं बघून दार उघडा."

पुढं महिन्याभरानं पुणेकर सरांच्या घरी गेले ते बायकोला घेऊन. त्यांच्या बायकोकडं नऊ वर्षांपासून लायसन्स होतं आणि त्या अपघातानंतर तर ती गाडीकडं बघायलाही तयार नव्हती. "सर, आमच्याच गाडीत बसा. फक्त शेजारी बसा," पुणेकर म्हणाले. सर म्हणाले, माझ्याकडं ब्रेक न्हाई. आतून काकू म्हणाल्या, "मग तर बरंच झालं, चुकून दाबायची भीती न्हाई. जावा की!" बूट घातलेलेच होते. गेले. आता लायसन्स असून घाबरणाऱ्या कितीजणींना ते असा सराव करून देतात. पाटी लावलेली नाही, कुणाला सांगायचंही नाही असं म्हणतात, आणि तरी वेळ घ्यायला थांबावं लागतं.

परवा सकाळी मी ऑफिसला निघाले होते. सिग्नल हिरवा झाला आणि माझ्या पुढची लाल गाडी बंद पडली. चालवणाऱ्या बाईंच्या मानेवरूनच कळत होतं की त्यांना आता सगळं सोडून पळून जायचंय. डाव्या सीटवर एक उंच, किडकिडीत डोकं होतं, जरासं बाजूला कललेलं, फुटपाथवरच्या झाडाकडं बघत. पायाखाली काही नसताना इतकं निवांत बसलेलं. माझ्यामागं हॉर्न सुरू झाले. एकानं काच खाली करून मला शिव्याही घातल्या. मी दोन्हीकडचे दिवे लुकलुकत ठेवले, गाडी रस्त्याच्या मधोमध घट्ट उभी केली आणि थांबून राहिले. पुढच्या गाडीची मागची दोन्ही चाकं रस्त्याला टेकलेली मला दिसत होती. सिग्नल लाल झाला, परत हिरवा झाला. लाल गाडी एकदा हिंदकळली, थांबली, पुन्हा हिंदकळली, आणि हळूहळू चालायला लागली.